शेजारचं वायफाय आणि आपला लॅपटॉप



मध्यंतरी सेलू तालुक्यातल्या एका गावात गटाच्या बैठकीला गेले, तर दोन ताया एकमेकींशी बोलतच नव्हत्या. दोघींची घरं भिंतीला भिंत लागून. एकीकडे मुलाचा लॅपटॉप, दुसरीकडे मुलीच्या अभ्यासासाठी घेतलेलं वायफायचं डोंगल. मुलीच्या कॉलेज प्रवेशाच्या फॉर्मची शेवटची तारीख, आणि दुपारीच नेट संपलं! "रोजचं दोन जीबी भेटते, मंग गेलं कुठं?" पाहिलं तर शेजारचा लॅपटॉप त्याच डोंगलला जोडलेला. "मी काहून वापरू तिचं नेट? मले तर माहीतच नाही," दुसरी ताई म्हणाली.

ती खरंच सांगत होती. घरच्या लग्नात पाहुण्यांना सोपं जावं म्हणून डोंगलचा पासवर्ड काढला होता. तेव्हा मुलानं लॅपटॉप एकदा जोडला. लॅपटॉप ते नाव लक्षात ठेवतो आणि पुढे चालू केला की न विचारता आपोआप जोडला जातो. त्या दिवशी तो स्वतःचे अपडेट उतरवून घेत होता. दोन जीबी त्यातच गेले. फॉर्म कसाबसा रात्री दुसऱ्याच्या मोबाईलवरून भरला, पण मनात अढी बसली.

नुकसान फक्त नेटचं नाही

पासवर्ड नसलेलं वायफाय म्हणजे दार उघडं असलेलं घर. बँकेच्या ॲपला आणि साईटला स्वतःचं कुलूप असतं. पण ज्या साईटला ते नसतं, तिथं आपण काय लिहितो ते त्या नेटवरचा जाणकार माणूस वाचू शकतो. लॅपटॉपमधले फोल्डर शेअर केलेले असतील तर तेही दुसऱ्याला दिसू शकतात. आपल्या लॅपटॉपमध्ये गटाचा हिशोब आणि सगळ्यांचे आधार, पासबुक असतात. गटाची वही आपण कपाटात कुलूप लावून ठेवतो, मग हे उघड्यावर का?

दुसरी गोष्ट संशयाची. 26 जुलै 2008 ला अहमदाबादेत बॉम्बस्फोट झाले. त्याच्या काही मिनिटं आधी वृत्तवाहिन्यांना धमकीचा ईमेल गेला होता. माग काढत पोलीस नवी मुंबईतल्या सानपाड्याच्या एका घरी पोचले. वायफाय त्या घरचं होतं, पण ते उघडं असल्यानं दुसऱ्याच कोणी वापरलं होतं. तरी चौकशी त्या घरात राहणाऱ्याची झाली, त्याचे कॉम्प्युटर तपासले गेले. पुढे 2009 मध्ये मुंबई पोलिसांनी शहरात उघडी वायफाय शोधायची मोहीमच घेतली. आपल्या गावात एवढं मोठं काही होईल असं नाही. पण काही गैर घडलं, तर ज्याचं नेट त्याच्यावर आणि जो जोडलेला त्याच्यावर, दोघांवरही बोट येते. परवानगीशिवाय दुसऱ्याचं नेट वापरणं माहिती तंत्रज्ञान कायदा, 2000 मध्येही बसत नाही.

घरी जाऊन एवढं करा

1. लॅपटॉपवर खाली उजवीकडे घड्याळाजवळ वायफायचं चिन्ह असतं. ते दाबून आपण कोणत्या नावाला जोडलेले आहोत ते पाहा.
2. नाव आपलं नसेल तर सेटिंग्ज, नेटवर्क अँड इंटरनेट, वाय-फाय, मग 'मॅनेज नोन नेटवर्क्स' इथं जा. त्या नावासमोर 'फर्गेट' दाबा. लॅपटॉप ते नाव विसरेल.
3. पुढे नवीन नेट जोडताना 'कनेक्ट ऑटोमॅटिकली' समोरची खूण काढा.
4. मोबाईलवरही वायफायच्या यादीत जाऊन असंच जुनं नाव काढून टाका.
5. गटाचं काम स्वतःच्या मोबाईलच्या हॉटस्पॉटवर करा. त्याला पासवर्ड ठेवा.
6. तुमचंच वायफाय उघडं असेल तर आजच पासवर्ड लावा. नाव, जन्मतारीख, 12345678 नको.

शेजारणीचं नेट हवंच असेल तर साखर मागतो तसं विचारून घ्या, आणि काम झालं की बंद करा.

त्या दोघींनी पुढच्या बैठकीत लॅपटॉप आणि डोंगल दोन्ही आणलं. आम्ही सगळ्यांसमोर एकात 'फर्गेट' दाबलं, दुसऱ्याला पासवर्ड लावला. चहा झाला, बोलणंही सुरू झालं. तुमच्या गटातही हा विषय घ्या. जमलं नाही तर मला बोलवा, मी येते.

तुमची क्षेत्र समन्वयक