नाशिकचा कथक महोत्सव आणि समेची ओढ

नाशिकमध्ये कीर्ती कला मंदिरातर्फे भरणारा पंडित गोपीकृष्ण महोत्सव बनारस घराण्याच्या ज्या नर्तकाच्या नावाने होतो, त्यांना बहुसंख्य प्रेक्षक व्ही. शांताराम यांच्या 'झनक झनक पायल बाजे' (१९५५) या चित्रपटाचे नायक म्हणून ओळखतात. परंतु कथकचे खरे सामर्थ्य पडद्यापेक्षा रंगमंचावरील जिवंत तालातच अनुभवास येते.

तीनतालाच्या १६ मात्रा चार-चारच्या चार विभागांत मांडलेल्या असतात आणि त्यांतील पहिल्या मात्रेस सम म्हणतात. सारंगीवर किंवा संवादिनीवर पुनःपुन्हा वाजणारी ठरावीक सुरावट, म्हणजे लेहरा, आवर्तनाचे भान राखते; त्यामुळे नर्तक लयीशी कितीही खेळला तरी समेची जागा ढळत नाही.

एकच बोलसमूह, म्हणजे तालाच्या उच्चारित अक्षरांचा गट, तीनदा येऊन ज्याचा शेवटचा आघात बहुधा समेवर पडतो, ती तिहाई. तेथे जाणकार प्रेक्षकाची दाद नेमकी त्याच क्षणी उमटते.

कथकच्या कार्यशाळांत प्रारंभ तत्काराने, म्हणजे मूलभूत पदन्यासाने होतो. हाताने ताल धरून बोल म्हणण्यास पढंत म्हणतात. तिला दुय्यम लेखणे खेदजनक आहे, कारण मुखात न रुळलेला बोल पायांत क्वचितच स्वच्छ उतरतो.