कृत्तिकांना नैवेद्य

जून सरत आला की न्यूझीलंडमध्ये ऐन हिवाळा असतो. महिनाभर दिसेनासा झालेला कृत्तिकांचा पुंजका पहाटे ईशान्येला पुन्हा उगवतो आणि तिथल्या मूळनिवासी माओरी लोकांचं नवं वर्ष सुरू होतं. कार्तिकी पौर्णिमेच्या चंद्राजवळ आपण पाहतो त्याच या कृत्तिका. तिकडे त्यांना मातारिकी म्हणतात. अंधार असतानाच माणसं उघड्यावर जमतात. जाणते लोक एकेका चांदणीचं तेज न्याहाळून येणाऱ्या वर्षाचा अंदाज बांधतात. मग पोहुतुकावा नावाच्या चांदणीकडे पाहत, वर्षभरात गेलेल्या माणसांची नावं मोठ्यानं घेतली जातात. कुणाला रडू फुटलं तर त्याला गप्प करत नाहीत, कारण रडण्यासाठीच ही वेळ राखलेली असते. शेवटी जमिनीतल्या भट्टीत शिजवलेलं अन्न उघडतात. मातीतलं रताळं, रानातला पक्षी, गोड्या पाण्यातली वाम आणि समुद्रातला मासा, असे चार चांदण्यांचे चार जिन्नस. त्यांची वाफ वर जाते, तोच ताऱ्यांचा नैवेद्य.

2022 पासून मातारिकीची देशभर सरकारी सुट्टी असते. या सणाला पुन्हा उभारी देण्यात खगोलाचे अभ्यासक रंगी मातामुआ यांचा मोठा वाटा आहे. विद्यार्थी असताना त्यांनी आजोबांना या ताऱ्यांबद्दल विचारलं, तेव्हा आजोबांनी कपाटातून 400 पानांचं हस्तलिखित काढून हाती दिलं. घराण्यातल्या बापलेकांनी 1898 पासून लिहीत नेलेल्या त्या बाडात सुमारे हजार ताऱ्यांची नावं होती.

अशी विद्या चारचौघांत सांगणं सोपं नव्हतं, असा तो काळ होता. 1907 साली तोहुंगांवर, म्हणजे माओरींच्या जाणत्या वैद्य-पुरोहितांवर, बंदी घालणारा कायदा झाला. तो संसदेत आणणारे जेम्स कॅरोल आणि पाठिंबा देणारे डॉक्टर माउई पोमारे हे दोघंही माओरीच. साथीच्या रोगांत भोंदूंच्या हाती माणसं दगावत होती आणि कॅरोल-पोमारे यांची कळकळ खरी होती. पण त्या कायद्यानं भोंदू आणि जाणता एकाच दावणीला बांधला. कायदा रद्द व्हायला 1962 उजाडलं.

पुढची गोष्ट मनोविकारतज्ज्ञ मेसन ड्युरी यांची. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला माओरी समाजाच्या बैठकांतून आरोग्याबद्दल जे बोललं जात होतं, त्याला त्यांनी ‘ते फारे तापा फा’ म्हणजे चार भिंतींचं घर असं रूप दिलं. शरीर, मन, कुटुंब आणि आत्मबल या त्या भिंती. एक खचली की घरच कलतं. हे घर कल्पनेतलं नव्हे. माओरी वस्तीतलं सभागृह हेच मुळी पूर्वजाचं शरीर मानलेलं असतं. आढं हा त्याचा कणा, वासे या फासळ्या. आत पाऊल टाकणारा आजोबा-पणजोबांच्या कुशीतच शिरतो. तिथंच मृतदेह ठेवतात, दिवसच्या दिवस त्याच्याशी बोलतात, त्याची स्तुती करतात, क्वचित जुना रागही बोलून दाखवतात. ड्युरींची मांडणी आज त्या देशातल्या आरोग्यसेवेत आणि शाळांत शिकवली जाते. अपघातग्रस्तांचा खर्च उचलणारं सरकारी महामंडळ 2020 पासून ‘रोंगोआ’ या पारंपरिक माओरी उपचारांचाही खर्च देतं. रोंगोआत मर्दन, झाडपाला आणि प्रार्थना, तिन्ही येतात.

भाषेचं काम आज्यांनी केलं. 1982 साली पहिलं ‘कोहांगा रेओ’ म्हणजे भाषेचं घरटं सुरू झालं आणि घरातून नाहीशी होत चाललेली माओरी नातवंडांच्या तोंडी परत आली. 1987 मध्ये ती राजभाषा झाली.

भाषा-संस्कृती जपण्याचा आणि बरं होण्याचा संबंध काय, हा प्रश्न रास्त आहे. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात मायकल चँडलर आणि ख्रिस्तोफर लालोंड यांनी त्याचा माग काढला. तिथल्या सुमारे 200 आदिवासी समाजांतल्या तरुणांच्या आत्महत्यांची आकडेवारी त्यांनी तपासली आणि 1998 मध्ये निष्कर्ष मांडले. काही समाजांत हे प्रमाण भयावह होतं, तर काहींत एकही आत्महत्या नव्हती. जमिनीच्या हक्कासाठी झगडणाऱ्या, शाळा नि दवाखाना स्वतः चालवणाऱ्या, सांस्कृतिक कामासाठी स्वतःची जागा राखणाऱ्या समाजांत तरुण वाचले होते. 2007 च्या त्यांच्या अभ्यासात पूर्वजांची भाषा बोलणाऱ्या समाजांतही हेच चित्र दिसलं. ज्या देशात सुमारे दीड लाख आदिवासी मुलांना घरापासून तोडून निवासी शाळांत कोंडलं गेलं, तिथं हा निष्कर्ष काळीज हलवणारा आहे.

म्हणूनच पूर्वजांची शिकवण तिच्या समाजापासून सुटी करून विकता येत नाही. 2009 मध्ये अमेरिकेत अ‍ॅरिझोनातल्या सेडोनाजवळ एका व्यक्तिमत्त्व विकासाच्या शिबिरात हजारो डॉलर घेऊन मूळनिवासींच्या ‘घर्मकुटी’ची, म्हणजे वाफेनं तापवलेल्या बंद झोपडीत घाम गाळण्याच्या विधीची, नक्कल झाली. तीन माणसं मेली. विधी उचलला होता. त्यामागची जबाबदार वडीलधारी माणसं मात्र तिथं नव्हती.

आपल्याकडे गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेनं उलट वाट धरली. रुग्णालय कसं हवं, हे त्यांनी गोंड आदिवासींनाच विचारलं. मोठ्या इमारतीची भीती वाटते, सोबतच्या नातेवाइकांना राहू देत नाहीत, देव तर कुठंच दिसत नाही, असं लोक बोलले. मग खेड्यासारख्या झोपड्यांचा दवाखाना उभा राहिला आणि त्याला देवीचंच नाव मिळालं, माँ दंतेश्वरी. औषधं आधुनिक, अंगण मात्र गोंडांचं.

न्यूझीलंडमध्ये मात्र मिळालेलं पुन्हा निसटू लागलं आहे. जुलै 2022 मध्ये स्थापन झालेलं माओरी आरोग्य प्राधिकरण नव्या सरकारनं जून 2024 अखेर बरखास्त केलं. पाठोपाठ ब्रिटिश राजसत्ता आणि माओरी प्रमुख यांच्यातल्या 1840 च्या वायतांगी कराराचा अर्थ नव्यानं ठरवू पाहणारं विधेयक आलं. नोव्हेंबरमध्ये हजारो लोक, नातवंडांपासून आज्यांपर्यंत, चालत वेलिंग्टनच्या संसदेवर धडकले. एप्रिल 2025 मध्ये ते विधेयक 11 विरुद्ध 112 मतांनी पडलं. बरखास्त झालेलं प्राधिकरण काही परत आलेलं नाही. माओरी माणसाचं सरासरी आयुर्मान आजही इतरांपेक्षा काही वर्षांनी कमीच आहे.