व्हायोलेटच्या कुंडीखालची बशी

आफ्रिकन व्हायोलेटला पाणी खालून द्यावे, हे रोपवाटिकेतला माणूस कुंडी हातात देतानाच सांगतो. त्याचे खरे आहे. या झाडाच्या पानांवर मऊ लव असते. पानापेक्षा बरेच गार पाणी त्यांवर पडले की आतल्या पेशी मरतात आणि पिवळट-पांढरे डाग उमटतात. ते पुन्हा जात नाहीत. म्हणून कुंडी बशीत ठेवायची, बशीत साधे, कोमट म्हणता येईल असे पाणी ओतायचे आणि मातीला ते शोषू द्यायचे. मात्र अर्ध्या तासाने उरलेले पाणी फेकून द्यायचे, हा सल्ल्याचा दुसरा भाग बहुतेक घरांत पोहोचतच नाही.

हे झाड मूळचे टांझानियातल्या उसांबारा डोंगरांतले. तिथल्या जर्मन वसाहतीतील अधिकारी सेंट पॉल यांनी १८९२ च्या सुमारास ते युरोपात पाठवले. सावलीतल्या, शेवाळलेल्या खडकांच्या फटींत ते वाढते. तिथे ओल कायम असते, पण पाणी साचत नाही. बारीक मुळांना ओलीइतकीच हवाही लागते. बशीत पाणी राहिले की मुळे कुजतात, पाने मान टाकतात आणि मालकाला वाटते, झाड तहानलेले आहे. मग तो आणखी पाणी घालतो. गुण येत नाही म्हणून गोळ्या दुप्पट करणाऱ्या रुग्णांची आठवण व्हावी, असा हा प्रकार! वरची माती बोटाला कोरडी लागल्याशिवाय पाणी देऊ नये.

त्याच बशीत झाडापेक्षा मोठे संकट वाढू शकते. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस इजिप्ती डासाला गटाराची गरज नसते; घरातले स्वच्छ, थोडेसे साचलेले पाणी त्याला पुरते. मादी पाण्याच्या रेषेच्या जरा वर, भांड्याच्या ओलसर कडेला अंडी चिकटवते. ही अंडी कोरडी पडली तरी कित्येक महिने टिकतात आणि पाणी लागताच त्यांतून अळ्या बाहेर येतात. आपल्याकडच्या उष्ण हवेत आठ-दहा दिवसांत डास उडू लागतो. त्यामुळे पाणी नुसते ओतून देणे पुरेसे नाही. आठवड्यातून एकदा बशी काथ्याने घासून, पुसून कोरडी करायला हवी. पालिकेचे कर्मचारी पावसाळ्यात घरात येऊन फ्रिजमागचा ट्रे आणि कुंड्यांच्या ताटल्या बघतात, तेव्हा अनेकांना ती उगीचची कटकट वाटते. कटकट ती नव्हे. घरात कोणाला ताप आलाच, तर डॉक्टरांनी तपासेपर्यंत अ‍ॅस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन देऊ नये. डेंग्यूत त्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो.

बाकी हे झाड घरासाठी गुणीच. लहान मुलाने किंवा मांजराने पान चावले तर ते विषारी नाही. डिफेनबाकियासारखी तोंडाची आग होत नाही. पण नाव व्हायोलेट असले तरी हा युनानी औषधातला बनफशा नव्हे, त्यामुळे काढ्यात घालू नये. झाडे खोलीतली हवा शुद्ध करतात हा समज १९८९ च्या नासाच्या प्रयोगातून पसरला. तो बंद पेट्यांमध्ये झाला होता. राहत्या घरात खिडकी उघडणे अधिक उपयोगी.

पूर्वेची खिडकी, दुपारचे ऊन नाही, कोकोपीट व परलाइटची हलकी माती, एवढ्यावर ते फुलते. मुंबईच्या एप्रिल-मेमध्ये फुले थांबतात, पुण्या-नाशिकच्या हिवाळ्यात पुन्हा येतात. नवे रोप करायचे असल्यास देठासकट पान तोडून ओल्या कोकोपीटमध्ये तिरके खोचावे. काहीजण ते पाण्याच्या ग्लासात ठेवतात. मग ग्लासाचे तोंड प्लास्टिकने घट्ट बांधून देठापुरतेच भोक पाडावे आणि पाणी दर आठवड्याला बदलावे. मुळे तीन-चार आठवड्यांत फुटतात, फुलासाठी मात्र सहा महिन्यांहून अधिक थांबावे लागते.