घरातला फिशटँक : भाग ९
घरघरणारा एअर पंप

रात्री टीव्ही बंद झाला, घर शांत झालं की एअर पंपाची घरघर कानाला टोचू लागते. मग बहुतेक घरांत एकच उपाय होतो : पंपाचं बटण बंद करून झोपायचं. हा उपाय माशांच्या जिवावर बेतू शकतो, म्हणून आजचा भाग या आवाजावर.

अंधारात पाणवनस्पती प्राणवायू सोडत नाहीत, उलट माशांसारख्याच तो वापरतात. फिल्टरमधले जिवाणूही त्याच साठ्यावर जगतात. त्यामुळे वनस्पती असलेल्या टँकमध्ये प्राणवायू पहाटे सर्वांत कमी असतो. त्यात आपला उन्हाळा. २० अंश सेल्सियसला एक लिटर गोड्या पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांना जेमतेम ७.५. गोल्डफिश भरलेल्या छोट्या टँकमध्ये पाणी हलवणारं दुसरं काही नसेल, तर मे महिन्याच्या रात्री पंप बंद ठेवणं मला अजिबात पटत नाही. फायटर किंवा गुरामी वर येऊन थेट हवा घेऊ शकतात, गोल्डफिशला ती सोय नाही.

आता आवाज येतो कुठून ते पाहू. घरगुती पंपाच्या डबीत तांब्याच्या तारेची एक कॉइल असते. तिच्यासमोर एका दांडीच्या टोकाला चुंबक बसवलेलं असतं. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणून ती दांडी सेकंदाला ५० वेळा मागेपुढे होते आणि वाटीच्या आकाराचं रबर, म्हणजे डायफ्रॅम, दाबते-सोडते. दोन चिमुकले पडदे हवेला एकाच दिशेने जाऊ देतात. एवढंच यंत्र. बारीक गुणगुण ही त्याची चालच आहे, ती पूर्ण जाणार नाही. वाढलेली घरघर किंवा खडखड मात्र काहीतरी सांगत असते.

आधी चालू पंप नुसता हातात उचलून धरा. हात कोरडे हवेत. आवाज एकदम कमी झाला तर दोष पंपाचा नाही. तो ज्या फळीवर ठेवला आहे, ती फळी त्याच्याबरोबर थरथरते आहे. खाली स्पंजचा जाड तुकडा ठेवा, भिंतीला किंवा काचेला टेकू देऊ नका. कापडात गुंडाळून कपाटात मात्र कोंबू नका. पंप तापतो आणि उष्णतेने रबर लवकर कडक होतं.

फरक पडला नाही तर पंपाच्या तोंडावरची नळी काढा. बोट ओलं करून समोर धरा. हवा जोरात येत असेल आणि आवाजही उतरला असेल, तर अडथळा पुढे आहे, आणि बहुधा तो एअर स्टोनमध्येच असतो. बोअरच्या पाण्यातले क्षार आणि शेवाळ मिळून त्याची भोकं बुजवतात. पंप आत जोर लावत राहतो, रबरावर ताण येतो आणि पुढे ते फाटतं. पंप बिघडला म्हणून नवा आणतात, जुना बुजलेला दगड त्यालाच लावतात आणि नव्याचीही तीच गत होते. दगड पाण्यात कालवलेल्या व्हिनेगरमध्ये भिजवून, घासून, भरपूर पाण्याने धुवावा. साबण नको, तो भोकांत अडकून राहतो. खरं तर दगड इतका स्वस्त असतो की बदललेलाच बरा.

बुडबुडे कमी हवेत म्हणून नळीवरची कळ आवळू नका, त्यानेही तोच ताण येतो. टी-जोड लावून जास्तीची हवा बाहेर सोडून द्या.

बोटाला हवा जाणवतच नसेल तर प्लग काढून पंप उलटा करा. अनेक पंपांच्या तळाशी नमद्याची छोटी चकती असते, ती धुळीने भरलेली असते. ती साफ करूनही हवा येत नसेल तर तळाचे स्क्रू उघडा. रबराला चीर गेली आहे का, दांडी कडेला घासते आहे का, पडदे वाकले आहेत का, एवढंच बघायचं. मॉडेल जुळलं तर रबराचे सुटे भाग मिळतात. कॉइल जळकट वासाची किंवा काळी पडलेली असेल तर दुरुस्तीच्या भानगडीत पडू नका, पंप टाकून द्या.

एक गोष्ट आवाजाची नाही, पण भारनियमन असलेल्या गावांत तिच्याकडे दुर्लक्ष परवडणार नाही. पंप टँकमधल्या पाण्याच्या पातळीखाली ठेवलेला असेल तर वीज जाताच पाणी नळीतून उलटं उतरतं. ते पंपात, तिथून फरशीवर आणि वीज परतली की शॉक बसण्याचा धोका. पंप पातळीच्या वर ठेवा, नाहीतर नळीत नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवा. बसवण्याआधी त्यातून फुंकून बघा : फुंकर ज्या बाजूने बाहेर पडते ती बाजू टँककडे.

वीज बराच वेळ गेली आणि मासे वर येऊन तोंड उघडझाप करू लागले, तर टँकमधलंच पाणी तांब्याने काढून थोड्या उंचीवरून परत ओतत राहा. बुडबुडे स्वतः फारसा प्राणवायू देत नाहीत, ते खालचं पाणी वर आणून पृष्ठभाग हलवतात. तेच काम तांब्या करतो. तोवर खाणं घालू नका.

पुढच्या आठवड्यात : स्पंज फिल्टर, याच पंपावर चालणारा.