ताणणाऱ्या कापडाचा टॉप

आज कागद-पेन्सिल जवळ घेऊन बसा, कारण मापं सांगणार आहोत. विषय आहे होजिअरीच्या कापडाचा साधा टॉप. टी-शर्टचं ताणणारं कापड असतं ना, तेच.

आधी आमची फजिती ऐका. आम्ही शिलाईकाम करणाऱ्या चौघी. ब्लाउज, परकर, पंजाबी ड्रेस यांत हात बसलेला. गावातल्या मुलींच्या कबड्डी संघासाठी १२ टॉप शिवायचं काम आलं, तेव्हा वाटलं, यात काय अवघड? टक्स नाहीत, हुक नाहीत, अस्तर नाही. भराभर शिवून दिले. पहिल्याच सरावाला एका मुलीची काखेतली शिवण उसवली. पुढचा सगळा वेळ ती पोर हात अंगाशी घट्ट धरून उभी. संध्याकाळपर्यंत आणखी तीन टॉप परत आले. त्यांचा गळा डोक्यातून जाईना, ओढला की दोरा तुटे.

कापड चांगलं होतं, मापंही बरोबर होती. चुकली होती ती टीप.

असं का झालं, ते नीट समजून घेऊ. साडीचं किंवा ब्लाउजपीसचं कापड मागावर विणलेलं असतं. त्यात उभे-आडवे धागे एकमेकांत घट्ट बसलेले असतात. होजिअरीचं कापड स्वेटरसारखं विणलेलं असतं, म्हणजे फाशात फासा अडकवलेला. ओढलं की फासे रुंद होतात, सोडलं की जाग्यावर येतात. आम्ही त्यावर ब्लाउजसारखी सरळ टीप मारली, तीही सुती दोऱ्याने. कापड ताणलं गेलं, दोरा ताणला गेला नाही. मग तुटणार कोण? दोराच. म्हणून एकच गोष्ट मनाशी पक्की करा : कापड जितकं ताणतं, तितकी शिवणही ताणली गेली पाहिजे.

आता कामाला लागू. कापड आधी धुऊन घ्या. सुती होजिअरी आटते. दोरीवर टांगू नका, ओल्या वजनाने लांब होते. सावलीत पसरून वाळवा. मग आडव्या बाजूने १० सेंटिमीटरवर दोन खुणा करा आणि हलक्या हाताने ताणा. खुणा १३ सेंटिमीटरपर्यंत गेल्या आणि सोडल्यावर परत आल्या, तर या टॉपला कापड चालेल. ही जास्त ताणणारी बाजू नेहमी अंगाभोवती फिरली पाहिजे, वरून खाली नव्हे. सुलट बाजू ओळखायची खूण अशी : पातळ होजिअरीची आडवी कापलेली कड ताणा, ती सुलट बाजूकडे गुंडाळते.

पॅटर्न विकतच आणायला हवा असं नाही. अंगाला नीट बसणारा जुना टी-शर्ट घ्या. मधोमध दुमडून वर्तमानपत्रावर ठेवा आणि कडेने पेन्सिल फिरवा. शिवणीसाठी सगळीकडे अर्धा इंच आणि खाली दुमडायला एक इंच सोडा. पुढच्या भागाचा गळा खोल, मागचा उथळ, म्हणून दोन कागद वेगळे काढा. बाहीचा तिसरा. ब्लाउजला आपण सैलपणा सोडतो, टक्स घेतो. इथे टक्स नकोत, आणि छातीच्या मापात दोन इंच मिळवले तरी टॉप चांगला सैल होतो.

आता ज्याच्या त्याच्या अंगाप्रमाणे बदल. आमच्या मुलींची पहिली तक्रार होती, वाकलं की पाठ उघडी पडते. त्यासाठी कागद कमरेच्या रेषेवर आडवा कापला, मध्ये दोन इंचांची पट्टी चिकटवली. खालून नुसतं वाढवलं तर कमरेचा आकार वर राहतो. दुसरी तक्रार, कुल्ल्यावर घट्ट. आपला कागद घेराचा चौथा हिस्सा असतो हे विसरू नका. कमरेखाली बाजूला अर्धा इंच वाढवला की पूर्ण घेरात दोन इंच वाढतात. तिसरी तक्रार, हात वर केला की सगळा टॉप वर येतो. आम्हाला वाटलं मुंढा खोल करावा. उलटच झालं. मुंढा जितका खाली, तितका हात उचलताना टॉप ओढला जातो. मुंढा अर्धा इंच वर घेतला, बाही थोडी रुंद केली, आणि हात मोकळा झाला.

शिवायच्या वेळी सुई बदला. नेहमीची टोकदार सुई फासा तोडते, तिथून भोक पडतं. बॉलपॉइंट सुई मागा. पातळ कापडाला ११ नंबर, जाडाला १४. दोरा पॉलिएस्टरचा. मशीनला झिगझॅग असेल तर अगदी अरुंद झिगझॅग ठेवा. नसेल तर निराश होऊ नका. साधं पायमशीन असलं तरी टाका बारीक ठेवा, टीप मारताना पुढून-मागून कापड जरासं ताणून धरा, आणि एका सुताच्या अंतरावर दुसरी टीप मारा. ओव्हरलॉक मशीन जवळपास असेल तर उत्तमच.

क्रम असा. आधी दोन्ही खांदे. खांद्यावर सगळ्या टॉपचं वजन येतं, तो मात्र ताणला जाऊ नये, म्हणून तिथे सुती फीत धरून टीप मारा. मग गळ्याची पट्टी. शिवणीच्या रेषेवर गळ्याचा घेर २० इंच असेल, तर पट्टी १७ इंच, शिवणीसह १८. रुंदी दोन इंच, मधोमध दुमडायची. पट्टी आडव्या ताणातच कापा. पट्टीचे चार भाग करा, गळ्याचे चार, खुणेला खूण लावा आणि फक्त पट्टी ताणत शिवा. तयार गळा ताणून डोक्याच्या घेराएवढा झालाच पाहिजे, टेपने मोजून पाहा. मशीनची टीप तुटत असेल, तर गळ्याला हाताने सैलसर उलटी टीप घाला. त्यानंतर बाह्या सपाट जोडा, आणि बाहीच्या टोकापासून खालच्या घेरापर्यंत बाजूची शिवण एकाच ओघात मारा. खालची कड एकदाच दुमडा. या कापडाचे धागे ब्लाउजपीससारखे सुटत नाहीत.

आणि सगळ्यात महत्त्वाचं : नवं कापड कापण्याआधी चिंधीवर टीप मारून दोन्ही हातांनी ओढून पाहा. कट् असा आवाज आला, तर टाका, दोरा, सुई यांपैकी काहीतरी बदला. ही चिंधी आम्ही त्या वेळी ओढली असती, तर १२ टॉप उसवून पुन्हा शिवावे लागले नसते. पैसे वाढवून मागायला तोंड नव्हतं, मजुरी अंगावर पडली. पण टॉप परत दिले तेव्हा त्या मुलीला आमच्यासमोरच घालायला लावला आणि म्हटलं, हात वर कर, वाक, खाली बस. तिने तिन्ही केलं. शिवण धरली.

तुमचाही टॉप असाच तपासून मगच गिऱ्हाइकाच्या हातात द्या. पहिला टॉप जुन्या टी-शर्टच्या कापडाचा, घरच्यासाठी शिवा. चुकला तर झोपताना घालायला होईल.