घसरायचंही आणि पकडायचंही

१९७०च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत अमेरिकी मोटारींच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्समधल्या तेलात देवमाशाच्या तेलाचा अंश असे. स्पर्म व्हेल या देवमाशाला कायद्याचं संरक्षण मिळालं आणि रसायनज्ञांची पंचाईत झाली. नुसतं वंगण हवं असतं, तर पर्याय ढिगाने होते. गिअरबॉक्सच्या तेलाला मात्र दोन परस्परविरोधी कामं करावी लागतात.

ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे क्लच तेलात बुडालेले असतात. कागदासारखं तंतुमय अस्तर लावलेल्या चकत्या आणि साध्या पोलादी चकत्या आळीपाळीने रचलेल्या. गिअर बदलताना तेलाचाच दाब त्यांना एकमेकींवर दाबतो. त्यांनी घट्ट धरायचं, पण झटका न देता. आणि शेजारच्या बेअरिंगांना, दात्यांना तेच तेल निसरडं हवं. हा तोल सांभाळतात घर्षण-नियंत्रक रेणू. त्यांचं एक टोक धातूला चिकटतं, शेपटी बाहेर राहते, आणि पृष्ठभागावर पातळ थर तयार होतो. हे रेणू मोडले की क्लच सरकत-अडखळत पकडतो आणि एका ठरावीक वेगाला गाडी थरथरू लागते.

रेणू मोडतो तो उष्णतेने. ही उष्णता मुख्यतः टॉर्क कन्व्हर्टरमध्ये तयार होते. जर्मन अभियंता हेर्मान फ्योटिंगर याने १९०५ मध्ये जहाजांसाठी या यंत्रणेचं पेटंट घेतलं. चालू पंख्याच्या वाऱ्याने समोरचा बंद पंखा फिरावा, तसं इथे तेलाच्या झोतावर काम चालतं. इंजिनकडचा आणि गिअरबॉक्सकडचा अशा या दोन पंख्यांच्या वेगात जितका फरक, तितकी शक्ती तेल तापवण्यात जाते. हमरस्त्यावर हा फरक थोडा असतो. वाळूत, चिखलात, खड्या चढावर तो सर्वांत जास्त, आणि तिथेच गाडी हळू असल्याने वाराही लागत नाही. रासायनिक विघटनाचा वेग दर दहा अंश सेल्सिअसला साधारण दुप्पट होतो, असा ढोबळ नियम आहे. म्हणून फोर व्हील ड्राइव्हमधल्या तेलाचं वय किलोमीटरवर मोजणं मला पटत नाही.

जुन्या जीप चेरोकीचं उदाहरण घेऊ. ही चौकोनी गाडी अमेरिकी बाजारासाठी २००१ पर्यंत बनत होती. १९८७ पासून तिच्यात आयसिन-वॉर्नर या जपानी कंपनीचा एडब्ल्यू-४ हा गिअरबॉक्स आला. त्याच वर्षी क्रायस्लरने जीप बनवणारी अमेरिकन मोटर्स विकत घेतली. म्हणजे गाडी क्रायस्लरची, गिअरबॉक्स जपानी आणि तेल जनरल मोटर्सच्या डेक्सरॉन मानकाचं! दुकानात ‘जीपसाठी द्या’ म्हटलं, तर क्रायस्लरचं एटीएफ (ऑटोमॅटिक ट्रान्समिशन फ्लुइड) प्लस ४ हातात पडू शकतं. ते या गिअरबॉक्ससाठी नाही. डेक्सरॉन ३ चे परवाने जनरल मोटर्सने २००६ अखेर बंद केले. त्याच्या जागी डेक्सरॉन ६ चालतं, असं कंपनी सांगते.

आता बदलण्याचं. या गिअरबॉक्सच्या तळाच्या चेंबरला ड्रेन प्लग आहे, ही मोठीच सोय. पण एकूण सुमारे आठ लिटरपैकी निम्म्याच्या आसपासच तेल निघतं. उरलेलं कन्व्हर्टरमध्ये अडकून राहतं. एकदा बदललं की निम्मं नवं, काही दिवस गाडी चालवून पुन्हा बदललं की पाऊण, तिसऱ्यांदा सत्त्याऐंशी टक्क्यांच्या पुढे. यंत्राने सगळं एकदम धुऊन काढणारे असतात. वर्षानुवर्षं हात न लावलेल्या गिअरबॉक्सला मी तो उपाय करणार नाही: जोराच्या प्रवाहाने सुटलेला गाळ व्हॉल्व्ह बॉडीच्या, म्हणजे तेलाला वाट दाखवणाऱ्या भागाच्या, बारीक वाटांत अडकू शकतो. ‘तेल बदललं आणि गिअरबॉक्स गेला’ ही तक्रार मात्र बहुतेकदा अर्धीच खरी. क्लच आधीच झिजून गेलेला असतो, म्हणून तर तेल बदलायची आठवण होते.

चेंबर उघडलाच, तर त्यातल्या चुंबकावरचा राखाडी लेप बघून घाबरू नये. तो रोजच्या झिजेचा. चमकणारे तुकडे दिसले तर मात्र मामला गंभीर. जळका वास म्हणजे क्लच तापलेला. गुलाबी, दुधाळ तेल म्हणजे रेडिएटरच्या आतला कूलर फुटून कूलंट आत शिरलेलं. क्लचचं अस्तर चिकटवणारा पदार्थ कूलंट उखडतं.

तेल किती भरलं, हे डिपस्टिकवर गरम असतानाच बघायचं, इंजिन चालू ठेवून, सपाट जागी. साठ अंशांनी तापलं की आठ लिटर तेल तीनशे मिलिलिटरहून थोडं जास्त फुगतं, म्हणून थंड आणि गरम खुणा वेगळ्या. जास्त भरलं तर फिरते भाग ते घुसळून फेस करतात. फेसात हवा असते, हवा दबते, आणि क्लचला पुरेसा दाब मिळत नाही.

पुढच्या-मागच्या चाकांत शक्ती वाटणारा ट्रान्सफर केस वेगळा. या जीपमध्ये त्यातही एटीएफच असतं, पण प्लग स्वतंत्र. एक्सलमध्ये दाट गिअर ऑईल.

काढलेलं तेल मोजा, तितकंच भरून मग डिपस्टिक बघा. जुनं तेल झाकणाच्या डब्यात वेगळं ठेवा. अमेरिकेत सुट्या भागांची बरीच दुकानं ते फुकट घेतात. त्यात कूलंट मिसळलेलं असेल तर घेत नाहीत.