नातवंडाची ट्रेनिंग पँट

आषाढीच्या दिवसांत पंढरपुरातील घरे पाहुण्यांनी व वारकऱ्यांनी भरून जातात. अशा गर्दीत नातवंडाला शी-शूची सवय लावण्यास आरंभ करू नये. पौर्णिमेचा गोपाळकाला होऊन वारकरी परतले, घर निवांत झाले, की करावा. मूल साधारण दीड ते तीन वर्षांचे असावे, दोन तास कोरडे राहत असावे आणि चड्डी खाली ओढण्याची त्याची खटपट सुरू झालेली असावी.

ट्रेनिंग पँट म्हणजे मधल्या भागी सुती कापडाचे जास्तीचे थर शिवलेली चड्डी. ती थोडेसे शोषते, पण ओल त्वचेला जाणवू देते. डायपर नेमकी हीच जाणीव लपवतो. म्हणून फार जाड पँट घेऊ नये. कमरेचे इलास्टिक मुलाला स्वतः उतरवता येईल इतके सैल हवे. ओली होताच ती बदलावी. रात्री डायपर खुशाल राहू द्यावा.

मोरीवर पायांवर बसवून ‘शूऽ’ म्हणण्याची आजीची रीत आजही उपयोगी आहे. गुडघे दुखत असतील, तर पॉटीचे छोटे भांडे आणावे. रागावणे मात्र कटाक्षाने टाळावे. धाकाने मूल शी दाबून धरते, मळ कडक होतो, दुखते आणि ते अधिकच दाबते. तसे दिसल्यास सवय लावणे काही आठवडे थांबवून बालरोगतज्ज्ञांना दाखवावे.